पानावरचे माटुंगे

गिरगावातल्या माणसाला गिरगावाबाहेर जेवू घातले तर तो पोटभर जेवतो. पण हात धुताना एवढे म्हटल्याशिवाय राहत नाही, ‘‘छान होते हो, पण आमच्याकडे...’’ मीही त्याच पंथातला. जन्म फणसवाडीच्या अंगणातला. ‘विनय हेल्थ होम’ची मिसळ म्हणजे मिसळ, बाकी सगळी नुसती उसळ, अशी आमची समजूत. त्यातून आयुष्यभर नोकरी केली ती हिशेब तपासण्याची. त्यामुळे समोर काहीही आले, कागद असो की कोशिंबीर, त्यावर शेरा मारल्याखेरीज माझा हात पुढे सरकत नाही.

आमची चाळ पाडून तिथे उंच इमारत व्हायची ठरली आणि तीन वर्षांसाठी बिऱ्हाड हलवण्याची वेळ आली. माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त बंगलोरला गेलेला. माटुंग्याची त्याची दोन खोल्यांची जागा रिकामी होती. ‘‘काका, झाडून-पुसून राहा,’’ तो म्हणाला. आम्ही निघालो. पण निघायच्या दिवशीच चाळीच्या लाकडी जिन्याने घात केला. देवांची पेटी उराशी धरून उतरताना आमच्या सौभाग्यवतींचा पाय घसरला. देव सुखरूप राहिले. हिचे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर!

पहिल्या दिवशी मी ताठ मानेने स्वयंपाकघरात गेलो. एकाच पातेल्यात तीन तऱ्हांचा भात झाला. तळाला करपलेला, मध्ये गिजगा आणि वर कच्चा. ही काही बोलली नाही. मी मात्र त्याच संध्याकाळी दुकानातून एक वही आणली आणि जाहीर केले, ‘‘उद्यापासून माटुंग्यातली एकेक खाण्याची जागा तपासतो. जे उत्तम निघेल ते सहा आठवडे खाऊ.’’

पुतण्याने फोनवर सांगितले, ‘‘काका, वही कशाला? हॉटेलांना लोकांनी दिलेले तारे फोनवरच दिसतात.’’ पण दुसऱ्याने दिलेल्या ताऱ्यांवर विश्वास ठेवणारा माणूस हिशेब तपासनीस कसला?

‘‘तूही चल,’’ मी हिला म्हणालो.

‘‘मी नाही हो चारचौघांत डाव्या हाताने जेवणार,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही डबा घेऊन या.’’

झाले! रोज सकाळी मी डबा आणि वही घेऊन बाहेर पडू लागलो.

माटुंगे हे गाव चालायला फार सोपे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि दाट वस्तीला मोकळी हवा मिळावी म्हणून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने आखलेल्या वसाहतींपैकी ही एक. म्हणून रस्ते रुंद, झाडे ओळीत आणि मध्ये पाच बागा. दक्षिणेकडून कारकुनी आणि टंकलेखनाच्या नोकऱ्यांसाठी आलेले तरुण या भागात राहू लागले. एकट्या माणसाला खोली मिळते, पण घरचा भात मिळत नाही. त्या भातासाठी इथे बोर्डिंगे निघाली, आणि भातामागून इडली आलीच.

गिरगावात आम्ही या सगळ्यांना एकाच नावाने ‘मद्रासी’ म्हणत असू. इथे दोन दिवसांत अक्कल आली. देवळासमोर फुलांच्या माळा ओवणारा तमिळ बोलतो, कॉफीवाला आणखी वेगळे काही बोलतो, आणि बहुतेक हॉटेलांचे मूळ उडुपीकडचे. उडुपी म्हणजे कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचे कृष्णमठाचे गाव. तिथल्या देवळातल्या स्वयंपाकाला कांदा-लसूण चालत नाही, आणि त्या स्वयंपाकाचे वळण घेऊन तिथली मंडळी मुंबईला आली. त्यांतल्या कित्येकांची घरची भाषा कोंकणी. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्यांदा मान वर केली, कारण तिचे माहेर कारवारचे.

पहिली तपासणी स्टेशनजवळच्या ‘राम आश्रय’ची. सकाळीच बाहेर माणसे उभी. आत गेले की मिळेल तिथे बसायचे. समोर कोण बसला आहे हे तुमच्या हातात नाही. माझ्यासमोर एक महाविद्यालयीन मुलगी पुस्तक उघडून इडली खात होती. तिने न बघता चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली. अननसाचा शिरा आला. गरम, तुपाने ओलावलेला, अननसाच्या आंबटपणाने गोडाला थोडे ताळ्यावर आणणारा. मी वहीत लिहिले : ‘शिरा दहापैकी नऊ.’ हिच्यासाठी डोसा डब्यात घेतला. घरी येईपर्यंत त्याची घडी घातलेल्या पंचासारखी अवस्था झाली होती. तिने अर्धा खाल्ला. मी लिहिले : ‘डोसा प्रवासाला निघत नाही. इडली निघते.’

मग किंग्ज सर्कलची बाजू घेतली. या चौकाचे नाव आता महेश्वरी उद्यान आहे, पण ते पाटीपुरते. ‘कॅफे मद्रास’मध्ये रविवारी जाण्याची चूक केली. नाव सांगून अर्धा पाऊण तास फुटपाथवर उभा राहिलो. पण नाचणीचा डोसा आला तेव्हा राग विरघळला. शेजारचा गृहस्थ तूप आणि तिखट पूड लावलेल्या इडल्या अशा निष्ठेने खात होता, की त्याला किती वाजले हे विचारायचा धीर झाला नाही. ‘कॅफे म्हैसूर’ १९३६ सालचे. तिथे इडली-सांबार खाल्ले, आणि सांबाराची वाटी पुन्हा मागायला मी लाजलो नाही. ‘कूलर अँड कंपनी’ हा १९३२ सालचा इराणी. तिथे बनमस्का चहात बुडवून खाताना धोबीतलावाची आठवण येऊन घशात थोडे दाटले. ते वहीत लिहिले नाही.

एका ठिकाणी मात्र चटणी कालची, सांबार पाण्याचे, आणि शेवटचा घास तोंडात असतानाच टेबलावर बिल. त्याचे नाव लिहीत नाही; त्याच्याही घरी दिवाळी आहे.

कॉफीची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. बाजारात कॉफीचे दाणे दळून देणारी दुकाने आहेत. त्यांच्यावरून जाताना पाय आपोआप मंदावतात. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने विचारले, ‘‘चिकोरी किती?’’ मी गोंधळलो. त्याने मला चिकोरी म्हणजे काय इथपासून शिकवले. पितळेचे दोन मजली गाळणे, वरच्या मजल्यात पूड, ती हलकेच दाबायची, उकळते पाणी ओतायचे आणि मग थांबायचे. ‘‘घाई केली तर नुसते पाणी खाली येते,’’ तो म्हणाला. मी गाळणे घेऊन घरी आलो. चौथ्या प्रयत्नाला जी कॉफी उतरली ती हिने पूर्ण प्यायली. माझ्या हातचे तिने आवडीने काही घेतले असे ते पहिलेच.

तिसरा आठवडा संपत आला होता. एका संध्याकाळी मी फिरून आलो तर ही खिडकीशी बसून माझी वही वाचत होती. डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे घसरल्या होत्या. इतक्या सैल त्या कधी झाल्या हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

‘‘छान लिहिलंय,’’ ती म्हणाली. ‘‘शिरा नऊ, सांबार आठ. यात मी काय खाल्लं ते कुठं आहे?’’

मी गप्प.

‘‘चाळीस वर्षं माझ्या जेवणालाही असेच शेरे दिलेत. आमटीत गूळ कमी, पोळी जरा जाड. तेव्हा वही नव्हती, एवढंच.’’

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेतला नाही. ‘‘साडी बदल,’’ म्हणालो. ‘‘आज दोघं जाऊ. गर्दी व्हायच्या आत.’’ ती नको-नको म्हणत राहिली. मी चप्पल तिच्या पायाशी ठेवली.

‘रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ १९४२ सालचे. माटुंगा स्टेशनाशेजारी, पहिल्या मजल्यावर. या स्टेशनाचा सगळा कारभार २०१७ साली महिलांच्या हाती सोपवण्यात आला, ही गोष्ट हिने मला जिना चढताना मुद्दाम सांगितली. मी ती मुकाट ऐकली आणि तिचा डावा हात धरला. वर कुपन घेतले. ताट की पान असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘पान.’’

वाढपी आला. त्याने प्लास्टर पाहिले. ‘काय झाले’, ‘कसे पडलात’ यांतले काही विचारले नाही. एक चमचा आणून तिच्या डाव्या बाजूला ठेवला. माझा भात पानावर वाढला, तिचा खोलगट वाटीत. पुऱ्यांचे बारीक तुकडे करून ठेवले, आणि पुढच्या पानाकडे वळला. सगळे इतके सहज, की आजूबाजूच्या कुणाच्या काही ध्यानातही आले नाही.

रसम आले. चमच्याने तिला ते भातात मिसळता येईना. मी तिची वाटी पुढे ओढली आणि भात कालवून दिला. चाळीस वर्षांत तिच्या जेवणाला माझा हात लागला तो पहिल्यांदा.

‘‘आनी जाय?’’ वाढप्याने विचारले.

कोंकणी कानावर पडताच तिने झटकन वर पाहिले. ‘आणखी हवे का?’ हा प्रश्न तिने आमच्या घरात किती वेळा विचारला असेल! पाहुण्यांना, मुलांना, मला. तिला तो विचारलेला मी कधी ऐकला नव्हता. तिने मान हलवली. पुन्हा भात घेतला, ताक घेतले. मध्येच पदराने डोळे टिपले आणि रसम तिखट आहे म्हणाली. मला ते मुळीच तिखट लागले नव्हते.

त्यानंतर दर गुरुवारी आम्ही तिथे जाऊ लागलो. वाढपी चमचा न सांगता आणी. बांगड्या हळूहळू मनगटाकडे परतल्या. मी वही बंद करून कपाटात ठेवली, आणि मधल्या दिवसांत तिच्या देखरेखीखाली भात शिकलो. पाण्याचे प्रमाण, विस्तव केव्हा कमी करायचा, झाकण केव्हा काढायचे नाही. कॉफीवाल्याने सांगितलेलेच इथेही खरे निघाले : घाई करायची नाही.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. ‘‘आता उद्यापासून तुमची सुटका,’’ ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी भात मीच लावला. वरणही मीच केले. ती पाटावर बसली, मी वाढले, आणि माहीत होता तेवढा कोंकणीचा साठा खर्च करून विचारले, ‘‘आनी जाय?’’ ती इतकी हसली की ठसका लागला.

संध्याकाळी कपाट उघडले तर वहीची जागा बदललेली. शेवटच्या पानावर, ‘कूलर’ आणि ‘कॅफे म्हैसूर’ यांच्याखाली, अजून नीट वळत नसलेल्या हाताच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत एक नोंद होती :

‘आमचे घर. भात बरा, वरणात मीठ कमी. वाढपी नवा आहे, शिकेल. दहापैकी सहा.’

आयुष्यात बरेच गुण मिळवले. एवढे कुठेच टिकवून ठेवावेसे वाटले नाहीत.