नो-गो

इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या काकांच्या वर्कशॉपात ‘ओरिजिनल’ आणि ‘डुप्लिकेट’ हे दोन शब्द दिवसभर कानांवर पडतात. सियागंजातून बेअरिंग आलं की आधी खोक्यावरची छपाई उजेडात धरायची, मगच माल आत घ्यायचा, हा तिथला शिरस्ता. डुप्लिकेटला थारा नाही. अपवाद एकच, एका रेकॉर्डचा, आणि ती ऑफिसातल्या लोखंडी कपाटात राहते. नाव ‘इंट्रोड्यूसिंग द बीटल्स’, माहेर शिकागोची व्ही-जे कंपनी. निदान ती तसं सांगते.

दिसायला चटपटीत. कव्हरवर सुटातले चौघे, आणि वर दिमाखात छापलेलं ‘स्टिरिओ’. सुई टेकली की दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज. डावं-उजवं काही नाही. बढाई मारायची खोड जन्मजात.

जन्मकथा कोर्टकचेरीची. खरी रेकॉर्ड 10 जानेवारी 1964 ला बाजारात आली. बीटल्सवर कॅपिटॉल कंपनीनेही हक्क सांगितला, दावे झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात व्ही-जेचा छापायचा हक्क संपला. 1966 मध्ये कंपनीच बुडाली. गिऱ्हाईक होतं, माल नव्हता. मग चोरून छापणाऱ्यांचं फावलं. अमेरिकेतल्या दुकानांत ही उजळ माथ्याने विकली गेली, आणि काकांच्या मेहुण्यांनी तिथून ती मोठ्या प्रेमाने इंदूरला आणली.

काकांनी तिला पहिल्यांदा पकडलं ते सावलीवरून. मूळ कव्हरवर जॉर्ज हॅरिसनच्या बाजूला त्याची सावली पडलेली आहे. हिचा जॉर्ज बिनसावलीचा. फोटोवरून फोटो काढताना बारकावे जातात, तशी ती गेली. मग भिंग लेबलावर आलं. मूळ लेबलावर रेकॉर्डचं नाव आणि बीटल्सचं नाव, दोन्ही मधल्या भोकाच्या वर असतात. हिच्या लेबलावर एक वर, एक खाली. मेहुण्यांना मात्र काकांनी हे अजून कळू दिलेलं नाही.

तिच्या शेजारी कोऱ्या पांढऱ्या कव्हरातली एक बूटलेग आहे. चोरीची तीही, पण स्वभाव निराळा. बॉब डिलनची ‘ग्रेट व्हाइट वंडर’ 1969 मध्ये पांढऱ्या कव्हरावर रबरी शिक्का मारून निघाली, तिच्या कुळातली. ती दुसऱ्या कंपनीचं नाव लावून मिरवत नाही. कंपन्यांनी पेटीत ठेवलेलं गाणं लोकांना ऐकवते. लेड झेपलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी 1972 मध्ये मुंबईच्या वादकांना घेऊन दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. अधिकृतपणे ती बाहेर आली थेट 2015 मध्ये. मधली चाळीसेक वर्षं शौकिनांनी ती ऐकली, ती असल्या चोरट्या प्रतींच्याच कृपेने. त्यामुळे पांढरीला काकांची माफी आहे. बीटल्सवालीला नाही.

तरी कपाटातून जास्त वेळा बाहेर निघते ती हीच. हल्ली पोरं मोबाइलवर सौदा करून जुन्या रेकॉर्डी घेतात आणि तपासायला काकांकडे येतात. “काका, सांगा, फसलो का?” काका आणलेली रेकॉर्ड टेबलावर ठेवतात, शेजारी हिला. सावली, भोक, अक्षरांची जाडी. पाहणाऱ्याला फरक आपोआप दिसू लागतो. वर्कशॉपात गेजला दोन टोकं असतात, गो आणि नो-गो. भोकात गो शिरलं पाहिजे आणि नो-गो अडलं पाहिजे, तरच जॉब पास. ही काकांचं नो-गो टोक आहे. आयुष्यभर खोटं बोलली, पण खोट्याचं माप तिच्याइतकं चोख कोण देणार?

एकदा भाचा तिच्यावर अडून बसला. “डुप्लिकेटच तर आहे, मला द्या ना.”

“पांढरी ने, हवी तर डमडमला छापलेली एचएमव्हीची रेकॉर्ड ने,” काका म्हणाले. “गेज कुणी उसनं देतं का?”