आत्याच्या मळ्यातल्या बातम्या

नारायणगावजवळच्या मळ्यातून आत्याचा फोन आला की खुशालीचा क्रम ठरलेला असतो. आधी दुधाचा भाव, मग सुनेच्या गुडघेदुखीचं, मग टोमॅटोचं काय झालं ते. आणि त्याच सुरात, आवाज जराही न बदलता, "काल परत येऊन गेला." कोण, ते विचारावं लागत नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बिबट्याची बातमी घरच्या बातम्यांतच सांगितली जाते.

दिवाळीनंतर तिच्याकडे मुक्कामाला गेले, तेव्हा आतेभावाच्या मुलाचं लग्न जमवायचं चाललं होतं. मुलगा शिकलेला, पाच एकर बागायत, घरात ट्रॅक्टर. मुलीकडच्यांनी सगळं पाहिलं आणि शेवटी विचारलं, "घर गावात आहे का मळ्यात?" मळ्यात म्हटल्यावर पुढे निरोप आला नाही. घराच्या व्हॉट्सअॅप गटावर मुलींचे बायोडेटा येतात आणि त्यांच्या खालीच सीसीटीव्हीची चित्रफीत असते: रात्री पावणेदोन, अंगण, गोठ्याच्या जाळीपाशी थबकलेला लांब शेपटाचा प्राणी. आत्या दोन्हींवर हात जोडल्याचं चिन्ह टाकते.

मळ्यातलं घड्याळ बिबट्यावर लागलेलं आहे. अंधार पडायच्या आत पोरं घरात, शेळ्या कडीकोयंड्यात, कुत्रं पडवीत. वहिनी गवत कापायला एकटी जात नाही, आणि गेली तरी बोलत राहते. खाली वाकलेलं किंवा बसलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलेलं नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडला, बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या एका गावाच्या परिसरात तीन आठवड्यांच्या आसपास तीन जीव गेले. त्यांतली दोन मुलं होती. त्यानंतर मंचरला लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला आणि बिबट्याला गोळी घालण्यात आली. आमच्या मळ्यात त्या दिवसांत चूल पेटली, जेवणं झाली, पण कुणी फारसं बोलत नव्हतं.

बिबट्या इथे आला कसा, याचं उत्तर आतोबा धरणांची नावं घेऊन देतात. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे. कुकडी प्रकल्पाचं पाणी कालव्यांनी खाली आलं, जिराईत रानं उसाखाली गेली, इकडे विघ्नहर आणि तिकडे भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. सावली, गारवा, पाटाचं पाणी आणि बांधावर भटकी कुत्री. मादीला पिल्लं वाढवायला याहून सोयीची जागा सह्याद्रीच्या कड्यांत मिळायची नाही. उसात जन्मलेल्या बिबट्याला जंगलातून आलेला पाहुणा म्हणणं मला तरी पटत नाही.

म्हणून तर "पकडा आणि लांब जंगलात सोडा" हा सोपा वाटणारा उपाय इथेच फसला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर वनविभागातल्या नोंदी तपासल्या. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे उचलून दुसरीकडे सोडायला लागल्यावर ती सरासरी १७ वर गेली. २००९ मध्ये पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला बिबट्या कॉलर लावून माळशेज घाटात सोडला, तो महिनाभरात चालत मुंबईच्या बाजूला पोचला. 'आजोबा' हा मराठी चित्रपट त्याच्यावरच आहे. सिनेमा आत्याने टीव्हीवर पाहिलाय. तिचं मत: "त्याला बिचाऱ्याला कुठं सोडलंय तेच कळंना."

माझ्या मुक्कामात ऊसतोड सुरू झाली. टोळी फडात शिरली आणि तिसऱ्या सरीनंतर कोयते थांबले. पाचटात तीन बछडी होती, मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. मुकादमाने टोळी ताबडतोब बांधावर काढली, कारण मादी जवळच असणार. आतेभावाने फोन केला. वनखात्याची माणसं आली, त्यांच्याबरोबर माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर. हे केंद्र वनखात्यासोबत वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था चालवते. डॉक्टरांनी पिल्लं तपासली, अंगावरच्या गोचिडी काढल्या, कातडीखाली ओळखीची चिप बसवली. संध्याकाळी सापडली होती त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली, समोर कॅमेरा लावला आणि सगळे मागे सरकले.

घरात त्या रात्री टीव्ही लागला नाही. आत्या दोनदा उठून खिडकीशी गेली. जिने गेल्या वर्षी तिची कालवड नेली, ती हीच असेल, हेही तीच म्हणाली, आणि पुढच्याच वाक्यात, "पण पोरं भुकेली असतील गं." सकाळी कॅमेऱ्यात दिसलं: मादी आली, क्रेटभोवती फिरली, पंजाने तो कलंडवला आणि एकेकाला मानेला धरून तीन फेऱ्यांत घेऊन गेली. पिल्लं मिळाली नाहीत तर मादी बिथरते, वस्तीभोवती घिरट्या घालते. त्यामुळे ही सगळी खटपट मळ्यातल्या माणसांच्याही भल्याची आहे. तोड अडल्याने कारखान्याच्या गाड्यांचं वेळापत्रक चुकलं, त्यावरून आतेभाऊ चिडला ते वेगळं.

पश्चिमेकडे, आदिवासी पट्ट्यात, महादेव कोळी वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात. आमच्या आतोबांचा देव वेगळा, तो म्हणजे थ्री फेज. शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात पंच्याहत्तरीचा माणूस बॅटरी, काठी आणि मोठ्याने लावलेला रेडिओ घेऊन उसाला पाणी द्यायला निघतो. पिंजरे वाढवा, माद्यांची नसबंदी करा, सफारी काढा, या सगळ्या चर्चा त्यांच्या कानावर येतात. त्यांची मागणी एवढीच आहे: वीज दिवसा द्या. मला ती सगळ्यांत शहाणी वाटते.

पुण्या-मुंबईहून शिवनेरी, लेण्याद्री, ओझर करायला येणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. रात्री उसाच्या कडेला गाडी थांबवून टॉर्च मारत बिबट्या शोधू नका, बछडं दिसलं तर उचलू नका, सेल्फी तर नकोच. मागे सरा आणि वनखात्याच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा.