कोलोनमधला अर्धा दिवस

कोलोनच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पाऊल टाकले की कॅथेड्रलची १५७ मीटर उंच शिखरे थेट अंगावर येतात. आखेनला शिकणारा माझा भाचा नि त्याचे तीन मित्र पाठीवर सॅक टाकून पुढे, मी मागे. "मामा, रात्री हँबुर्ग गाठायचंय," हे भाच्याने तीनदा बजावलेले.

शहर असे धावत पाहू नये, हे माझे प्राध्यापकी मत. पण या वास्तूचा पाया घातला १२४८मध्ये. सोळाव्या शतकात काम थांबले, १८४२मध्ये पुन्हा सुरू होऊन १८८०मध्ये पुरे झाले. मधली तीनशेहून अधिक वर्षे अर्धवट मनोऱ्यावर दगड चढवण्याची लाकडी यारी तशीच उभी होती. कित्येक पिढ्यांनी तेवढेच पाहिले आणि तेथेच प्रार्थना केली. मग या मुलांच्या अर्ध्या दिवसाला नावे कशी ठेवणार?

दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या त्यांनी मोठ्याने मोजल्या. हसण्याच्या भरात मोजणी कोठेतरी सुटली. पुढच्या महिन्यात एक म्युनिकला नोकरीवर रुजू होणार, एक सांगलीला परतणार. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हते.

ऱ्हाइनवरच्या होहेनत्सोलर्न पुलाच्या जाळीला प्रेमिकांची असंख्य कुलुपे लटकलेली. किल्ली नदीत टाकायची, असा रिवाज. (मित्रांसाठी वेगळी सोय दिसली नाही.) शेजारून गाड्या धडधडत जात होत्या. सांगलीवाल्याने सॅकचे छोटे कुलूप काढून हातात घेतले. किल्ली कोणी टाकायची, यावर असा वाद रंगला की हँबुर्गची गाडी चुकता चुकता राहिली.