शेवटची दहा पावलं

आपल्याकडचं गुप्तधन वाड्याच्या जोत्याखाली असतं, नाहीतर पडक्या गढीच्या भिंतीत. हंडाभर मोहरा, वर वेटोळं घालून बसलेला नाग, आणि पुरणाऱ्यानं मरेपर्यंत कुणाला पत्ता लागू दिलेला नसतो. जिओकॅशिंग नावाच्या खेळात सगळंच उलटं. लपवणारा स्वतःच साऱ्या जगाला जागा सांगतो, तीही अक्षांश-रेखांशांसकट, मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत. एवढी पायपीट करून हाती काय लागतं? काचेची गोटी, रबरी डायनोसॉर, एखादी किचेन. कधी तेही नाही, नुसतं सही करायचं कागदाचं भेंडोळं. तरी माणसं त्यापायी चिखल तुडवतात, काटे लावून घेतात. मीही घेते.

या खेळाची गोष्ट उपग्रहांपासून सुरू होते. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे संदेश सामान्य लोकांसाठी पूर्वी मुद्दाम थोडे बिघडवून पाठवले जात. जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. १ मे २००० च्या मध्यरात्री क्लिंटन सरकारनं हा मुद्दामचा बिघाड बंद केला. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या गृहस्थानं ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरली. आत वही-पेन्सिल, व्हिडिओ कॅसेट, पुस्तकं, एक गलोल आणि बीन्सचा बंद डबा. मग इंटरनेटवर आकडे जाहीर केले आणि सांगितलं, शोधा, काही घ्या, काही ठेवा. तीन दिवसांत दोघांनी बादली शोधलीसुद्धा. आज जगभर अशा तीसेक लाख डब्या आहेत. त्या मूळ जागी आता एक स्मारकफलक आहे. बादली गेली, बीन्सचा डबा मात्र नंतर सापडला आणि या मंडळींच्या मेळाव्यांतून मानानं फिरवला जातो. कुणाच्या पादुका फिराव्यात, कुणाचा बीन्सचा डबा!

माझी लेक पोर्टलंडला असते. तिच्याकडे गेले की दुपारी करायला फारसं काही नसतं, म्हणून तिनं माझ्या फोनवर ॲप घालून दिलं. नकाशाभर हिरवे ठिपके उगवले. ज्या फुटपाथवरून मी रोज भाजी आणायला जात होते, त्याच्या बाजूच्या कठड्यातही एक ठिपका! लेकीनं पहिल्याच दिवशी बजावलं, पेन घे, आणि शोधणं व वाट दोन्ही एकेक ताऱ्याचं असेल तेच निवड. डबीही बऱ्यापैकी मोठी हवी. तारे अवघडपणाचे, पाचपर्यंत असतात. नवशिक्यानं नखाएवढ्या चुंबकी डबीच्या नादी लागू नये. अलीकडे ती कुणाला सापडली आहे का, तेही आधी वाचावं. नाहीतर कधीच वाहून गेलेल्या डबीसाठी तास जातो.

पण खरा खेळ मला कळला तो फर्नच्या रानात. फोनवरचा बाण मुकाट्यानं पुढे नेत होता. बारा मीटर, आठ, पाच. आणि तिथं पोचताच तो वेड्यासारखा फिरायला लागला. एकदा डावीकडे, एकदा मी आले त्याच दिशेला. वरती डग्लस फरचे उंच शेंडे, त्यांतून झिरपणारा संदेश, आणि खाली शेवाळानं माखलेली सारखीच दिसणारी दहा खोडं. वीस हजार किलोमीटरवरून आलेलं मार्गदर्शन इथवरच. लेक म्हणाली, “आई, फोन खिशात ठेव आता. तू लपवली असतीस तर कुठे?”

मग बघायला लागले. एरवी आपण जंगलात ‘झाडं’ बघतो. इथं एकेक झाड बघावं लागलं. कुठलं शेवाळ उपटून परत बसवल्यासारखं आहे? कुठल्या फांद्या पडलेल्या आहेत आणि कुठल्या रचलेल्या? वाऱ्याला एवढी टापटीप जमत नाही. एका ओंडक्याच्या टोकाशी सालीचे तीन तुकडे फार शहाण्यासारखे एकमेकांना टेकले होते. त्यांच्यामागे हात घातला तर गार प्लॅस्टिक लागलं, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो शोभेलसा नव्हता.

खरं तर हात घालायलाच मला वेळ लागला होता. मुंबईच्या लोकलमध्ये जन्म गेलेला. बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा, ही घोषणा हाडांत भिनलेली. भीती अगदीच अस्थानी नाही. २०११ साली इंग्लंडात वेदर्बी गावी अशाच एका डबीवर बॉम्बशोधक पथक आलं आणि तिचा स्फोट करून टाकला. म्हणून डब्यावर ओळख लिहायची, पूल-शाळा टाळायच्या, जागेच्या मालकाला विचारायचं, खाऊ ठेवायचा नाही, आणि पूर्ण पुरायचं तर नाहीच. डबी पुन्हा जशीच्या तशी ठेवणंही आलंच, तेही कुत्रा फिरवणाऱ्या आजोबांची पाठ वळेपर्यंत बुटाची नाडी बांधत बसून. या खेळाबाहेरच्या माणसांसाठी खेळणारे लोक हॅरी पॉटरमधला ‘मगल’ शब्द वापरतात.

नेवाडाच्या वाळवंटात एका महामार्गालगत ओळीनं शेकडो डब्या आहेत. नियमच असा की दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर हवं, म्हणून प्रत्येक १६१ मीटरवर एक. गाडीतून उतरायचं, सही करायची, पुढे. आकडा फुगतो खरा, पण शोधायचं काय त्यात? शेवटची दहा पावलंच गाळून टाकली! ज्यांना आवडतं त्यांनी खुशाल करावं.

माझी नजर सध्या नदीतल्या बेटावरच्या एका डबीवर आहे. वाटेला पाच तारे, म्हणजे होडी आली. जावई कुणाकडून तरी कयाक मागून आणतो म्हणालाय. मला पोहता येत नाही, पण माझ्या मापाचं लाइफ जॅकेट मिळेल का, ते मी कालच विचारून ठेवलंय.