एका पायरीची उंची

सहलीला निघालेल्या मोठ्या कुटुंबात पिशव्या सांभाळण्यासाठी कोणीतरी मागे राहतेच. बहुधा ती व्यक्ती व्हीलचेअरवर असते. अर्धांगवायूने एक बाजू गेलेले काका, गुडघ्यांनी साथ सोडलेली आजी किंवा जन्मतःच पायांत बळ नसलेला नातू. "तुम्ही जाऊन या, मी इथेच बसतो," हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्यामागचा संकोच कोणाच्या ध्यानी येत नाही.

आकाशात नेणारा फुगा तर अशा व्यक्तीसाठी अशक्यच, असे कोणालाही वाटेल. पॅरिसच्या आंद्रे सित्रोएन उद्यानातील फुगा ही समजूत खोटी ठरवतो. मोटारींच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर, सीन नदीकाठी वसलेल्या या सार्वजनिक उद्यानात १९९९ पासून तो आहे. पोलादी दोराने जमिनीशी जखडलेला हा फुगा वारा शांत असताना प्रवाशांना १५० मीटर उंच नेतो. व्हीलचेअरवरील प्रवाशालाही त्यात प्रवेश आहे.

गरम हवेच्या फुग्यात हे सोपे नसते. त्याच्या वेताच्या टोपलीची भिंत छातीइतकी उंच असते; खाचांत पाय रोवून ती ओलांडावी लागते. उतरताना गुडघे वाकवून धक्का सोसावा लागतो, क्वचित टोपली कलंडतेही. पॅरिसच्या फुग्यात हेलियम वायू असतो. त्याचा कड्यासारखा गोल पाळणा जेथून उठतो तेथेच परत टेकतो. जागा ठरलेली असल्याने दार आणि वाट यांची सोय आधीच करता येते.

एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलतो. या हिशेबात खुर्चीचे वजन आणि धडधाकट प्रवाशाचे वजन एकाच रकान्यात पडते. उंच जाण्याचे काम वायू करतो. जमिनीपासून पाळण्यापर्यंतच्या वीतभर अंतराची काळजी मात्र माणसालाच घ्यावी लागते. फ्रान्सने २००५ मध्ये अपंगांच्या समान हक्कांचा कायदा केला. भारतातही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे.

कायद्याचे पालन मात्र उंबरठ्यावर होते. उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे. अर्ध्या फुटाच्या पायरीसाठी सहा फूट लांबीचा उतार हवा. बाजारपेठेतील दुकानापुढे एवढी जागा नसते, ही अडचण खरी आहे. तेथे गरजेपुरता मांडून उचलता येणारा लाकडी उतार चालतो. नवे दुकान किंवा मंगल कार्यालय बांधताना मात्र ही सबब उरत नाही. नकाशावर जे काम पेन्सिलीच्या एका रेघेने होते, त्यासाठी पुढे तोडफोडीचा खर्च येतो.

पायरी पाहून परत गेलेल्या गिऱ्हाईकाची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही, म्हणून हे नुकसान व्यापाऱ्याला दिसत नाही. ते दिसते फार उशिरा. चाळीस वर्षे गादीवर बसलेला एखादा शेठ आजारपणानंतर पुन्हा दुकानी येतो, तेव्हा मुले त्याला खुर्चीसकट उचलू लागतात. तो हात आखडून घेतो आणि त्या तीन पायऱ्यांकडे पाहत राहतो. त्या त्यानेच गवंड्याकडून बांधून घेतलेल्या असतात.