नाका आला का?

वाचकहो, हिंगोलीहून वाशिमकडे निघालात, की मराठवाड्याची हद्द संपता संपता कनेरगाव नाका लागतो. एके काळी या अंगाला निजामाचे हैदराबाद संस्थान होते आणि पलीकडे १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात गेलेला वऱ्हाड. पुढे संस्थान गेले, इंग्रजही गेले. १९९८ साली वाशिम आणि १९९९ साली हिंगोली हे नवे जिल्हे झाले. आज इथे मराठवाडा आणि विदर्भ एकमेकांना भेटतात, आणि नाव अजूनही ‘नाका’च आहे. नाका म्हणजे थांबण्याची जागा. गेल्या श्रावणात मी तिथे थांबलो नाही, त्याची ही हकिकत.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. वाशिमला बहिणीकडे त्यांना घेऊन निघालो होतो. हिंगोली सोडून थोडा वेळ झाला असेल, त्यांनी विचारले, “नाका आला का रे?” मी म्हणालो, “येईल, अण्णा.” थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. त्यांना रस्त्याची ओढ लागली आहे, जुन्या खुणा आठवत आहेत, असे मला वाटले. नाका आला, तसा मी गाडी न थांबवता तो दाखवलाही. ते काही बोलले नाहीत. पुढे काही अंतरावर त्यांनी मान खाली घातली, तेव्हा माझ्या ध्यानात आले. गाडी वळवून नाक्यावर परत आणली. चहाच्या टपरीवरच्या माणसाने एका नजरेत सारे ओळखले, पाण्याची बादली आडोशाला ठेवली आणि म्हणाला, “बाबा, सावकाश उतरा. कोणाला होत नाही?”

पायांवर सूज येते म्हणून अण्णांना सकाळी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. चिठ्ठी माझ्याच हातची. गोळी घेऊन तासाभरात आम्ही निघालो होतो. तीस वर्षे रुग्ण तपासणाऱ्या माणसाला ‘नाका आला का?’ या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. त्या पिढीची माणसे ‘मला लघवीला जायचे आहे’ असे सुनेसमोर, नातवंडांसमोर सरळ म्हणत नाहीत. ती नाका विचारतात.

दुसरी चूक घरी आल्यावर केली. गाडीची आसने कापडी. मी बादलीभर पाणी ओतले, कपड्यांची पावडर आणि फिनेल घालून खसाखसा घासले. दिवस पावसाचे. चार दिवसांनी दार उघडले, तर फिनेल, ओला कुबट वास आणि त्याखाली तोच जुना वास. अण्णांनी दारातूनच तो घेतला आणि म्हणाले, “मी घरीच बरा.” त्यानंतर दीड महिना ते गाडीत बसले नाहीत. डाग आसनावर होता, पण घरात कोंडले गेले ते अण्णा. म्हणून आसन नीट स्वच्छ करणे हेही शुश्रूषेचेच काम आहे, असे मी आता मानतो.

वास परत का येतो, ते समजून घ्या. लघवीतल्या युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो, आणि युरिक आम्लाचे कण आतल्या फोममध्ये टिकून राहतात. हवेत दमटपणा वाढला की वास पुन्हा उठतो. भरपूर पाणी ओतले, तर घाण फोममध्ये आणखी खोल जाते आणि ओल राहून बुरशी धरते. दमा किंवा जुनाट श्वासविकार असलेल्या ज्येष्ठांना ती बाधते. आसनाखाली विजेच्या तारा असतात, काही गाड्यांत आसनाच्या कडेला एअरबॅगही असते. आसन भिजवू नये, याचे हे दुसरे कारण.

प्रसंग घडताच कोरडे सुती फडके आसनावर ठेवून तळहाताने जोराने दाबा. घासू नका. फडके बदलत राहा. मग थोडे थंड पाणी शिंपडून पुन्हा टिपा. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी एकत्र करा, आसनाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधी लावून रंग जात नाही ना ते पाहा, मग डागावर फवारा. दहा-पंधरा मिनिटांनी टिपून घ्या. आसन जवळजवळ वाळले की खाण्याचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. चारही दारे उघडी ठेवून पंखा लावा. हात फोमवर दाबला असता गारवा लागला, तर आसन अजून ओले आहे.

वास मुरलेला असेल, तर एन्झाइमयुक्त क्लीनर आणा. पाळीव प्राण्यांच्या वस्तूंच्या दुकानात तो मिळतो. बाटलीवर लिहिला असेल तेवढा वेळ तो डागावर राहू द्या, आणि त्याबरोबर फिनेल वापरू नका. अण्णांची जागा अखेर यानेच शुद्ध झाली. उलटी झाली असेल, तर आधी पुठ्ठ्याने खरवडून काढा. रक्ताच्या डागाला गरम पाणी लावू नका, त्याने डाग पक्का होतो. आमच्या हळदीच्या मुलखात हळदीचे डागही पडतात. साबणाने ते लाल होतात म्हणून घाबरू नका. हळद क्षारामुळे लालसर होते, आणि ऊन लागले की तो रंग हळूहळू फिका पडतो.

एक ताकीद मात्र कटाक्षाने पाळा. ब्लीच लघवीच्या डागावर किंवा व्हिनेगरबरोबर कधीही वापरू नका. त्यातून विषारी वायू निघतो, आणि गाडी ही बंद खोलीच असते. तीव्र सुगंधी फ्रेशनरही दमेकऱ्यांना सोसत नाही.

पुढच्या प्रवासासाठी आसनावर धुता येणारे, खालून जलरोधक असे पॅड घाला. नुसते प्लास्टिक नको. त्यावर घाम येतो आणि वृद्ध शरीर पट्ट्याखालून घसरते. पिशवीत कोरडे कपडे, टॉवेल आणि पाणी ठेवा. कपडे ओले झाले तर लगेच बदला, त्वचा धुऊन कोरडी करा, नाहीतर ती सोलवटते. लघवी होईल या भीतीने पाणी तोडू नका. त्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाची जळजळ वाढते. गोळीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारा. आणि ताबा नव्याने सुटू लागला असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, प्रोस्टेट, बद्धकोष्ठता, चालू औषधे यांपैकी काहीही कारण असू शकते, आणि यांतल्या बहुतेकांवर उपाय आहे.

दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा वाशिमला निघालो. दार उघडताच अण्णांनी खोल श्वास घेतला, काही न बोलता बसले. गोळी त्या दिवशी पोहोचल्यावर घ्यायची ठरली होती. कनेरगाव दिसू लागले, तेव्हा त्यांनी विचारण्याआधीच मी म्हणालो, “अण्णा, नाका आला. मला जरा उतरायचे आहे, तुम्हीही चला.” ते काठी शोधू लागले. टपरीवरच्या माणसाने ओळख न दाखवता तीन चहा सांगितले.

वाचकहो, आपल्या घरातल्या ज्येष्ठांनी प्रवासात नाका विचारला, तर किती किलोमीटर उरले ते सांगू नका. गाडी बाजूला घ्या.