सीतापूरची वाळू आणि आपली प्रवरा

अंदमानला जाऊन आलो. सेल्युलर जेलबद्दल सगळेच लिहितात, मी वाळूबद्दल लिहितो.

शहीद द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचं नील बेट. गावांची नावं रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. वस्ती बहुतेक पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची. टोकाच्या सीतापूरला सकाळी पोचलो, तर किनाऱ्यावर दहा माणसंही नव्हती. लाटांचा आवाज तेवढा. वाळू पांढरी, हातात घेतली की कळतं, हा तर प्रवाळाचा नि शिंपल्यांचा चुरा! आमच्या पोरीने प्रवाळाचे दोन तुकडे खिशात टाकले, तर नारळवाला लगेच म्हणाला, "बेटा, वापस रख दो, एअरपोर्ट पे निकाल लेंगे." १९७२ च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळ वाघाच्याच परिशिष्टात आहे, आणि ते त्या नारळवाल्याला ठाऊक होतं.

दोन तुकड्यांना एवढा धाक! आता कोल्हारच्या पुलावरून खाली बघा. लहानपणी प्रवरेच्या वाळूत हाताने झिरा उकरला की पाणी लागायचं. आज खड्डे, गाळ, उघडे खडक. घरं बांधायला वाळू लागतेच, मान्य. पण पाणी धरून ठेवणारी वाळूच गेली, तर काठच्या विहिरींत उतरायचं काय? २०२३ ला सहाशे रुपये ब्रासचं धोरण आलं, पहिला डेपो आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावला. गाजावाजा भरपूर झाला. रात्रीचे डंपर मोजायला कोण बसलं?

येत्या ग्रामसभेत मी एकच विचारणार आहे: आपल्या हद्दीतल्या नदीपात्राची मोजणी शेवटची कधी झाली? कागद दाखवा. ज्यांच्या विहिरी काठाला आहेत, त्यांनी तरी या.